टेलि-मानस १४४१६: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

बचत गटाची बैठक असो, शाळेतला पालक मेळावा असो की गणेशोत्सवाचा मांडव, मानसिक आरोग्यावर बोलून झालं की मी बिस्किटांचा एक रिकामा डबा फिरवते. ज्याला काही विचारायचंय त्याने चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. तोंडी कुणीच काही विचारत नाही, पण डबा भरतो. व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्नही बहुतेक तेच असतात. ते इथे लोकांच्याच शब्दांत घेतले आहेत. क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसरीकडे जाता येईल. कुणाच्या जिवाला आत्ता या क्षणी धोका असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ११ वाचा.

१. हे १४४१६ नेमकं काय आहे? कोण चालवतं?

ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मोफत सेवा आहे, नाव टेलि-मानस. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. बेंगळुरूची निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, ही तिची शिखर संस्था आहे. फोन वळवणारी सगळी यंत्रणा बेंगळुरूच्याच आयआयआयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने उभी केली आहे. देशभर राज्याराज्यांत टेलि-मानसचे कक्ष आहेत. फोन उचलणारी माणसं तिथे बसतात, रात्री तीन वाजताही. मे २०२४ पर्यंत या क्रमांकावर दहा लाखांहून जास्त फोन आले होते. आकडा सांगते तो एवढ्यासाठी, की फोन करणारे तुम्ही एकटे नाही.

२. फोनचे पैसे पडतात का? साध्या फोनवरून लागतो का?

पैसे पडत नाहीत, टोल-फ्री आहे. साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतो, इंटरनेट लागत नाही. १४४१६ लावा. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हाही त्याच सेवेचा क्रमांक आहे. घरातल्या मोठ्या माणसांसाठी कागदावर ठळक अक्षरांत लिहून, गॅस एजन्सीचा नंबर चिकटवलेला असतो त्याच्या शेजारीच चिकटवून ठेवा.

३. फोन लागल्यावर काय होतं? आधी काय बोलायचं तेच सुचत नाही.

आधी ध्वनिमुद्रित आवाज येतो. तो भाषा निवडायला सांगतो, त्याप्रमाणे बटण दाबायचं. मग समुपदेशक बोलतात. ते वय, गाव अशी थोडी माहिती विचारतात आणि मग काय होतंय ते विचारतात.

सुरुवात कशी करायची यावर लोक फार अडतात. एका मुलीने मला सांगितलं, तिने तीनदा फोन लावला आणि "हॅलो" ऐकल्यावर तीनदा ठेवला. चौथ्यांदा ती एवढंच म्हणाली, "मला काय बोलायचं ते कळत नाहीये." समुपदेशक म्हणाल्या, "चालेल, आज जेवलात का?" आणि तिथून बोलणं सुरू झालं. तुम्हीही तेच वाक्य म्हणा. रडू आलं तर रडा. मध्येच गप्प झालात तर समोरचा माणूस थांबतो, त्याला ते शिकवलेलं असतं. सगळं एकाच फोनवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायलाच हवं असं नाही.

४. माझा त्रास एवढा मोठा आहे का? उगाच कुणा गरजूची लाइन अडवल्यासारखं होईल.

डब्यात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या याच प्रश्नाच्या असतात, म्हणून इथे जरा थांबते.

टेलि-मानसवर लोक ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांत झोप न लागणं, मन उदास राहणं, ताण, काळजी या वरच्या रांगेत आहेत. म्हणजे ज्याला आपण "चालायचंच" म्हणून सोडून देतो, नेमकं तेच. परीक्षेच्या आधी छातीत धडधडतं. बाळंतपणानंतर महिना झाला तरी सारखं रडू येतं. नोकरी गेल्यापासून माणूस मित्रांचे फोन उचलत नाही. सासरे गेल्यापासून सासूबाई जेवणाच्या ताटावर नुसत्या बसून राहतात. या सगळ्यांसाठी हा क्रमांक आहे.

२०१५-१६ मध्ये निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. याचं एक कारण डॉक्टर कमी असणं हे आहेच. पण दुसरं कारण मी रोज बघते. माणूस स्वतःच ठरवतो की आपलं दुखणं दाखवण्याइतकं मोठं नाही. दाढ दुखायला लागली की आपण लवंग ठेवतो, दोन दिवस बघतो आणि मग दाताच्या डॉक्टरकडे जातो, दाढ हलायची वाट बघत बसत नाही. मनाचं मात्र वर्षानुवर्षं अंगावर काढतो. दोन आठवडे झाले तरी झोप, भूक किंवा कामातलं लक्ष ताळ्यावर येत नसेल तर फोन करायला एवढं कारण पुरे. दोन आठवडे भरायच्या आधी केला तरी कुणी रागावणार नाही. आणि लाइन अडण्याचं म्हणाल, तर एका वेळी अनेक समुपदेशक बसलेले असतात. तुमच्यामुळे कुणाचा फोन अडत नाही.

५. मराठीत बोलतात का? मला शुद्ध मराठी जमत नाही.

सेवा वीस भाषांत आहे आणि त्यांत मराठी आहे. शुद्ध-अशुद्धचा विचारच करू नका. वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत, जसं घरी बोलता तसं बोला. "जिवाला घोर लागलाय", "काळजात कालवतंय", "डोक्यात मुंग्या आल्यासारखं होतंय" असं आपण बोलतो, तेच सांगा. आजाराचं नाव शोधत बसू नका, ते काम त्यांचं. बोललेलं कळत नाही असं वाटलं तर तसं स्पष्ट सांगा, किंवा प्रश्न १८ पाहा.

६. नाव सांगावं लागतं का? घरी, ऑफिसात, पोलिसांत कळवतात का?

नाव सांगायचं नसेल तर सुरुवातीलाच तसं सांगा. मदत मिळायला नाव लागत नाही. तुमचं बोलणं गोपनीय ठेवणं ही नुसती सौजन्याची बाब नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. ऑफिसला, शाळेला, सासरी कुणालाही कळवलं जात नाही.

अपवाद आहेत, आणि ते आधीच माहीत असलेले बरे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला लगेचचा धोका असेल तर जीव वाचवण्यापुरती माहिती पुढे द्यावी लागू शकते. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे, मग ते समुपदेशकाला कळो की शेजाऱ्याला. ही अट मुलाच्या संरक्षणासाठी आहे. तिच्या धास्तीने गप्प बसू नका.

७. फोनवर डॉक्टर असतात की समुपदेशक? गोळ्या लिहून देतात का?

पहिल्यांदा समुपदेशक असतात, आणि बऱ्याच जणांचं काम तिथेच होतं. त्यांना गरज वाटली तर ते फोन कक्षातल्या मानसशास्त्रज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे वळवतात. त्याहून पुढचं लागलं तर जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सेवेवरच्या तज्ज्ञाकडे पाठवतात.

समुपदेशक औषध देत नाहीत. औषध फक्त डॉक्टर देऊ शकतात, तेही मार्च २०२० मध्ये आलेल्या दूरवैद्यक (फोनवरून किंवा व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक नियमांच्या चौकटीत. काही औषधांवर, विशेषतः सवय लागू शकेल अशांवर, कडक बंधनं आहेत. म्हणून "फोन केला की झोपेची गोळी मिळेल" असं गृहीत धरू नका. मला हे योग्यच वाटतं. आमच्या आळीतल्या एक काकू मेडिकलवाल्याच्या ओळखीवर चार वर्षं झोपेच्या गोळ्या घेत होत्या. त्या सोडवायला पुढे सहा महिने लागले.

८. आधीपासून डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. बरं वाटतंय, बंद केल्या तर चालतील का?

मनाने बंद करू नका. बरं वाटतंय ते बहुतेक वेळा गोळ्यांमुळेच असतं. काही औषधं एकदम सोडली तर गरगरणं, अस्वस्थपणा होतो, मूळचा त्रास उलटतो. १४४१६ वर याबद्दल बोलता येतं. गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवून फोन करा. पण मात्रा बदलायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. डॉक्टर लांब आहेत, रजेवर आहेत, पैसे नाहीत म्हणून गोळ्या संपल्या असतील तर प्रश्न १५ मध्ये सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगितला आहे.

९. बोलायला नको वाटतं. ॲप, व्हिडिओ, चॅट असं काही आहे का?

आहे. टेलि-मानसचं मोबाइल ॲप १० ऑक्टोबर २०२४ ला आलं. त्यात स्वतःची काळजी घेण्याबद्दलची माहिती आहे आणि ॲपमधूनच समुपदेशकाशी जोडून घेता येतं. त्याच सुमारास व्हिडिओवरून तज्ज्ञाशी बोलायची सोय आधी निवडक राज्यांत सुरू झाली आणि पुढे वाढवली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲपमध्ये प्रादेशिक भाषा, चॅटबॉट आणि दिव्यांगांसाठीच्या सुविधा आल्या.

व्हिडिओवर थेट जाता येत नाही. आधी समुपदेशकाशी बोलणं होतं आणि तज्ज्ञाची गरज दिसली की मग तो पर्याय येतो. चॅटबॉटबद्दल माझं मत सांगते. माहिती काढायला, रात्री मन जरा वळवायला तो ठीक आहे, पण जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तेव्हा त्याच्यावर विसंबू नका, माणसाशीच बोला.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आयकॉल या सेवेत ईमेलवरून आणि चॅटवर लिहून बोलता येतं. ती टेलि-मानसचा भाग नाही, पण ज्यांना आवाज ऐकू द्यायचा नाही त्यांना मी ती आवर्जून सुचवते.

१०. आमची एकच खोली आहे. सगळ्यांसमोर बोलू कशी?

हा प्रश्न एका चिठ्ठीत जांभळ्या स्केचपेनने लिहिलेला होता, आणि खाली "ताई, खरंच सांगा" असं होतं. खरंच सांगते, मलाही लगेच उत्तर सुचलं नाही. बायकांनी एकमेकींना जे सांगितलं ते इथे देते.

एक जण दळण टाकायला जाते तेव्हा गिरणीच्या मागच्या कट्ट्यावरून बोलते. गिरणीच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही. एक जण गच्चीत वाळवण राखायच्या निमित्ताने बसते. एक गृहस्थ सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि शाळेच्या मैदानावर एका कडेला बसून बोलतात. सेवा चोवीस तास आहे, त्यामुळे सगळे कामावर गेल्यावर दुपारी अडीचला करा, नाहीतर पहाटे पाण्याची पाळी असते तेव्हा करा. इअरफोन असेल तर लावा, म्हणजे निदान समोरचा आवाज बाहेर येणार नाही. आणि सुरुवातीलाच सांगा, "घरात माणसं आहेत, मी हो-नाही एवढंच बोलेन." मग समुपदेशक हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतील. मध्येच कुणी आलं तर फोन ठेवा, पुन्हा लावा. घरातल्या मारहाणीमुळे बोलता येत नसेल तर प्रश्न १३ मधला १८१ हा क्रमांकही लक्षात ठेवा.

११. आत्ता, या क्षणी मरून जावंसं वाटतंय. किंवा घरातलं कुणीतरी तसं बोलतंय. काय करू?

विचार तुमच्या मनात असेल तर आत्ता १४४१६ लावा, आणि फोन लागेपर्यंत एकटे राहू नका. शेजारच्या घरात जा, पायरीवर बसा, कुणालाही हाक मारा. काही सांगायची गरज नाही, "जरा माझ्याजवळ बसा" एवढं म्हणा. ही लाट चढते तशी उतरतेही. ती उतरेपर्यंत सोबतीला माणूस हवं.

काही करून झालं असेल, जखम असेल, काही पोटात गेलं असेल तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा किंवा ११२ लावा आणि जवळच्या रुग्णालयात न्या. १४४१६ वरून दारात रुग्णवाहिका येईल या भरवशावर थांबू नका. त्या मिनिटाला आधी १०८. घरगुती उपाय करू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

दुसरं कुणी तसं बोलत असेल तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट पहिल्यांदा कुणीतरी ऐकतंय असं त्या माणसाला वाटतं. "बायकापोरांकडे बघ", "असं बोलू नये" यांनी बोलणं बंद होतं. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका. शेतीची औषधं, जास्तीच्या गोळ्या घरातून हलवून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. हे मी प्रत्येक सभेत सांगते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, ज्याला करायचंय तो करतोच. नाही. तो क्षण टळला तर कितीतरी माणसं वाचतात, आणि हाताशी काही नसणं हे तो क्षण टळण्याचं मोठं कारण असतं. मग त्याच्या शेजारी बसून १४४१६ लावा आणि फोन स्पीकरवर टाका.

१२. आत्महत्येचा प्रयत्न केला तर गुन्हा दाखल होतो ना? म्हणून दवाखान्यात न्यायला घरचे घाबरतात.

या भीतीपायी माणसं उशिरा पोचतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, आणि तिच्यावर खटला भरायचा नाही, शिक्षा करायची नाही. उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ राहिलेलंच नाही. एक वेगळी तरतूद मात्र आहे, कलम २२६: सरकारी नोकराला त्याचं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला तर ते लागू शकतं.

दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची (मेडिको-लीगल) नोंद होते आणि पोलीस जबाब घ्यायला येतात. ते बघून लोक धसका घेतात. ती नोंद म्हणजे रुग्णावर गुन्हा नव्हे. एमएलसी म्हणून कुणी उपचार थांबवत असेल तर ते चूक आहे, तिथेच हटून बसा.

१३. मुलांचा, म्हाताऱ्यांचा, दारूचा, छळाचा असे वेगवेगळे नंबर ऐकले. कुठला कशाला?

काहीच आठवलं नाही तर १४४१६ लावा, तिथून पुढचा रस्ता सांगतात. बाकीचे असे:

अडचणीतलं मूल, हरवलेलं, मारहाण होत असलेलं, कामाला जुंपलेलं: १०९८. बाईला घरात किंवा बाहेर छळ, मारहाण: १८१. दारू, गांजा किंवा कुठलंही व्यसन सोडवायचं असेल तर १४४४६. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते आणि एकटेपणापासून पेन्शनच्या अडचणींपर्यंत सगळं ऐकून घेते. विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांसाठी शिक्षण मंत्रालयाची मनोदर्पण ८४४८४४०६३२, तीही सकाळी ८ ते रात्री ८. जिवाला धोका असेल तेव्हा ११२.

१४. नवरा फोन करायला तयारच नाही. त्याच्या वतीने मी बोलू का?

बोला. बायको, आई, मित्र, शिक्षक, कुणीही दुसऱ्याबद्दल बोलू शकतं. काय दिसतंय ते जसंच्या तसं सांगा: कधीपासून, झोप किती, जेवण किती, दारू वाढली का, पैशाचं काही आहे का. समुपदेशक तुम्हाला सांगतील की त्याच्याशी कसं बोलायचं, काय बोलायचं नाही, कधी वाट बघायची आणि कधी नाही.

त्याला न सांगता फोन त्याच्या हातात देऊ नका. विश्वास जातो आणि पुढचे सहा महिने वाया जातात. मी हे स्वतः केलं आहे, माझ्या भावाच्या बाबतीत. जेवताना मध्येच "घे, बोल" म्हणून फोन पुढे केला. तो पानावरून उठला. नंतर कितीतरी दिवसांनी मीच माझ्या झोपेबद्दल फोन केला, त्याच्यासमोर, त्याला ऐकू येईल असा. त्या रात्री त्याने नंबर विचारला.

आणि स्वतःसाठीही बोला. आजारी माणसाला सांभाळणाऱ्याचं कुणी विचारत नाही. त्याच्याबद्दल सांगता सांगता तुम्हाला रडू फुटलं, तर तो फोन तुमचाही आहे.

१५. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर सरकारी दवाखान्यात कुठे जायचं? खर्च?

जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकार विभागाची ओपीडी असते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही असते. ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पण सुरुवात तिथून करायची गरज बहुतेकांना नसते. त्या नावांना घाबरून माणसं सिव्हिललाही जात नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

जाताना आधारकार्ड, जुनी कागदं, चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या. लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. एका शेजारणीला मी एका रुग्णालयात घेऊन गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने मोठ्याने विचारलं, "वेड्यांच्या डॉक्टरकडे का?" रांगेतली सगळी मान वळवून बघायला लागली. ती परत फिरली. दुसऱ्या वेळी आम्ही एका कागदावर "मनोविकार विभाग" एवढंच लिहून नेलं आणि तो कागद खिडकीतून आत सरकवला. केसपेपर मिळाला. अशी युक्ती करावी लागू नये, पण तोवर ही वापरा.

विम्याबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१ म्हणतं की विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजाराच्या उपचारांनाही संरक्षण द्यावं. नुसत्या ओपीडीचा खर्च मात्र बऱ्याच पॉलिसींत येत नाही, तो मुद्दा आधी वाचा.

१६. शेतकऱ्यांसाठी वेगळं काही आहे का?

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्या सगळ्या शेतकऱ्यांच्या नव्हेत, हेही लक्षात घ्या. पण विदर्भ-मराठवाड्यात हा प्रश्न दारात आलेला आहे. तिथल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारतात आणि ज्यांना गरज दिसते त्यांना पुढे पाठवतात. म्हणून गावात पहिली ओळख आशाताईंची असू द्या. फोनवर बोलताना कर्जाचा आकडा, सावकार, सोयाबीनचा भाव हे सांगायला संकोचू नका. समुपदेशक कर्ज फेडणार नाहीत. पण ज्या माणसाला तीन आठवडे झोप नाही, तो बँकेच्या साहेबाशी बोलायला उभाही राहू शकत नाही. आधी झोप, मग बँक.

१७. मुलगा सैन्यात आहे. तो फोन केला तर नोकरीवर परिणाम होईल म्हणतो.

संरक्षण दलांसाठी टेलि-मानसचा स्वतंत्र कक्ष आहे आणि तो आपल्या पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. सैनिकांचे ताण वेगळे असतात, म्हणून तो वेगळा काढला. जवानांचे घरचे लोकही त्याचा लाभ घेऊ शकतात. गोपनीयतेसाठी प्रश्न ६ पाहा.

१८. बोललो, पण त्या समुपदेशकाशी जमलं नाही. आता?

पुन्हा फोन करा, बहुतेक दुसरं कुणी भेटेल. बाईशीच किंवा पुरुषाशीच बोलायचं असेल तर तसं विचारा. एखादा फोन कोरडा जातो. उचलणारा माणूसच असतो, त्याचाही दिवस असतो. त्यावरून सगळी सेवा मोडीत काढू नका. याच्या उलटही होतं, एखाद्याशी फार जमतं आणि पुढच्या वेळी तोच हवा असतो. तोच मिळेल याची हमी नसते. समुपदेशकांना वाटलं तर ते तुमची परवानगी घेऊन स्वतः पुन्हा फोन करतात. त्याला हो म्हणायचं असेल तर कुठल्या वेळी करायचा तेही सांगा, नाहीतर फोन भलत्याच्याच हातात जायचा.

१९. आम्ही गोव्यात, बेळगावात, किंवा परदेशात आहोत. आम्हाला चालेल का?

भारतात कुठूनही १४४१६ चालतो, भाषा निवडताना मराठी निवडा. गोव्यात प्रत्यक्ष दाखवायला बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे.

परदेशातून हा क्रमांक वापरता येत नाही, तिथला स्थानिक क्रमांक लावा. अमेरिकेत जुलै २०२२ पासून आणि कॅनडात नोव्हेंबर २०२३ पासून ९८८. इंग्लंडमध्ये १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय, म्हणजे २, निवडायचा. तिथे इंग्रजीत मन मोकळं होत नाही ही तक्रार खरी आहे. अमेरिकेच्या ९८८ वर दुभाषा मागता येतो, फोन लागल्यावर भाषेचं नाव इंग्रजीत सांगायचं. इकडे राहिलेल्या आईवडिलांची काळजी असेल तर त्यांच्या गावातल्या नातेवाइकाला १४४१६ वर बोलायला सांगा, प्रश्न १४ प्रमाणे.

२०. "सरकारी समुपदेशक बोलतोय, नोंदणी फी भरा" असा फोन आला. खरा का?

खोटा. टेलि-मानस फी मागत नाही, ओटीपी मागत नाही, बँकेचा तपशील मागत नाही, लिंक पाठवून पैसे भरायला सांगत नाही. असा फोन लगेच ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा. शंका आली तर आलेल्या नंबरवर उलट फोन करू नका, स्वतः १४४१६ लावून विचारा.

२१. मी चौदा वर्षांची आहे. आईबाबांना न सांगता फोन करू शकते का?

हो, कर. कुणी तुला "आधी आईला दे" म्हणून फोन ठेवायला लावणार नाही. बोल, ऐकून घेतील. औषधं किंवा दवाखाना लागणार असेल तर मात्र पालकांना सामील करून घ्यावं लागतं. ते कसं सांगायचं हे तूच समुपदेशकांना विचार, बऱ्याचदा ते सांगायची तयारी करून घेतात. घरातल्याच कुणाचा त्रास असेल तर १०९८ वर बोल, आणि प्रश्न ६ मधला दुसरा भाग वाच. शाळेतल्या एखाद्या बाई आवडत असतील तर त्यांनाही सांगता येतं. आईचा फोन वापरणार असशील तर बोलून झाल्यावर नंबर कॉल-यादीतून काढून टाक.